शेतावरील लांकडी माच : प्रथमच बांधणाऱ्यानें करावयाचा विचार

उल्हास व काळू या नद्यांच्या कांठच्या भातशेतकऱ्यास २६ जुलै २००५ चा पूर सहसा विसरतां येणार नाहीं. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं उल्हासेच्याच पाण्यांत वांगणी व बदलापूर यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि सुमारें एक हजार उतारूंस नावांतून बाहेर काढावें लागलें. आगगाडी अडविणारें पाणी जमिनीलगतच्या पोत्यांस सोडील, अशी आशा करणें व्यर्थ होय. राब वाहून गेला म्हणजे पुन्हां पेरण्यास शिलकी बियाणें लागतें. आणि नेमकें तेंच त्या दिवशीं भिजलेलें असतें. यासाठीं खांबांवर उचललेला लांकडी माच ठाणें, कल्याण, मुरबाड या बाजूस फार उपयोगाचा आहे.

आरंभ कागदावर करावा. गेल्या पुरांचें पाणी कोठवर आलें होतें तें गांवांतील जुन्या भिंतींवरून व वडील माणसांकडून निश्चित करून घ्यावें आणि माचाची जमीन त्याहून निदान एक हात वर धरावी. ही उंची माचाच्या रुंदीहून जास्त होऊं लागल्यास जागाच बदलावी. नदीकांठीं आंखलेल्या निळ्या पूररेषेच्या आंत बांधकामाचा विचारच नको. महानगरपालिकेच्या हद्दींतील गांवकऱ्यांनीं आधीं लेखी विचारणा करावी. बांधाला चिकटून खांब उभा करूं नये. बारा फूट लांब व आठ फूट रुंद माच म्हणजे गुंठ्याचा अकरावा हिस्साही नव्हे, परंतु तेवढ्यावरून दोन पिढ्या चाललेले दावे आम्हीं दप्तरांत पाहिले आहेत.

आतां ओझें. अशा माचावर एका थरांत पन्नास किलोचीं सुमारें वीस पोतीं बसतात. तीन थर रचले तर तीन हजार किलो, म्हणजे तीस क्विंटल झाले. तीन तीन खांबांच्या दोन रांगा केल्यास हा भार सहांवर सारखा वांटला जातो, असा नवख्याचा समज असतो. तसें होत नाहीं. कोपऱ्यांतील खांबावर आठवा हिस्सा, पण मधल्यावर चौथा, म्हणजे साडेसातशें किलोंहून कमी नाहीं, इतका भार येतो. म्हणून सर्वांत उत्तम खांब व सर्वांत घट्ट पाया मधल्यांस द्यावा. लोक उलट, दिसण्यासाठीं कोपरे सजवितात. तसेंच दोन इंच जाड व चार इंच रुंद कडी आडवी न टाकतां उभ्या धारेवर ठेवावी. तेंच लांकूड दुप्पट भार सोसतें आणि वांकतें मात्र चौथाईनें.

लांकूड साग किंवा ऐन, गाभ्याचें घ्यावें. बाहेरील पांढरा थर वाळवीचें व भुंग्याचें अन्न आहे, तो तासून टाकावा. मात्र साग, ऐन, किंजळ, खैर, हळदू यांसारखीं झाडें स्वतःच्या मालकी जमिनींत असलीं तरी १९६४ च्या कायद्यानें वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतल्यावांचून तोडतां येत नाहींत. हें पुष्कळांस दंड झाल्यावरच कळतें. ओलें लांकूड पुढें पिळवटतें व खांचा सैल होतात. इंचभर जाडीस एक वर्ष, असा वाळविण्याचा जुना हिशोब आहे. तितका धीर नसेल तर जुन्या घराचें उतरविलेलें लांकूड पारखून घ्यावें. तें बहुधा नव्याहून सरस निघतें.

खांब मातींत पुरूं नये. लांकूड कुजण्यास ओल व हवा दोन्ही लागतात, आणि जमिनीच्या पृष्ठालगत तीं नेमकीं एकत्र मिळतात. यामुळें खांब वर धड व खालीं शाबूत असतां मध्येंच तुटतो. खालचें टोक जाळून काळें करण्याची चाल आहे. तिच्यावर भरंवसा ठेवूं नये. कठीण मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून दगडी भरीव काम करावें, त्यावर जमिनीपासून नऊ इंच उंच तळखडा बसवावा आणि खांब लोखंडी पट्टीनें त्यास जखडावा. वाळवी आलीच तर दगडावर तिची मातीची वाट दिसते व वेळीं मोडतां येते. भाताच्या खाचरांतील चिकण माती भिजून फुगते, सुकून आटते. तिच्यावर पाया ठेवणें धोक्याचें.

काटकोन साधण्यास सुताराचें सामान नको. दोरीस तीन, चार व पांच हातांच्या खुणा करून त्रिकोण ताणावा. उभे खांब व आडव्या तुळया यांचा चौकट नुसता राहिल्यास पाण्याच्या लोटानें तो कलतो. प्रत्येक बाजूस तिरका धिरा दिला म्हणजे त्रिकोण होतो, आणि त्रिकोण मोडल्यावांचून कलत नाहीं. या धिऱ्यांत काटकसर करूं नये.

फळ्यांमध्यें बोटभर फट ठेवावी. खिळा फळीच्या जाडीच्या तिप्पट लांब असावा व कठीण लांकडांत आधीं भोंक पाडूनच ठोकावा. उंदरांसाठीं प्रत्येक खांबास जमिनीपासून तीन फुटांवर पत्र्याची पालथी टोपी चढवावी, शिडी काढून ठेवावी, व जवळच्या झाडाच्या फांद्या छाटाव्या.

काम मार्गशीर्षांत सुरू करून होळीपूर्वीं छप्पर घालावें. पहिल्या वर्षीं एकच थर रचून खांब बसतात कीं काय तें ओळंब्यानें पाहावें, आणि दरसाल वैशाखांत पट्ट्या व खिळे तपासावे.