जिराफाला चालतं, तुम्हाला नाही

‘डॉक्टर, माझं वय ५२. कंपनीच्या तपासणीत बीपी १६०/१०० निघालं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, दोन जिने न थांबता चढतो. काहीच त्रास नाही, तर जन्मभराची गोळी कशाला मागे लावून घ्यायची?’

एका वाचकांचं हे पत्र. हाच प्रश्न दवाखान्यातही आठवड्यातून दोन-तीनदा कानावर येतो. या वेळी त्याचं उत्तर मी जिराफाला विचारून देणार आहे.

जिराफाचा मेंदू हृदयापासून सुमारे दोन मीटर उंचावर असतो. एवढ्या वर रक्त चढवायचं तर दाब हवाच. म्हणून जिराफाचा रक्तदाब आपल्यापेक्षा साधारण दुप्पट असतो. तरी तो आयुष्यभर पळतो आणि त्या दाबापायी त्याचं हृदय थकत नाही, मूत्रपिंडं निकामी होत नाहीत. ‘मला बीपीचा त्रास नाही’ असं म्हणण्याचा खरा अधिकार त्यालाच आहे.

त्याला हे जमतं, कारण अख्खं शरीर त्या दाबासाठी घडलेलं आहे. पिल्लाची मान वाढते तसा दाब वाढतो आणि त्याबरोबर हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. जड हंडा दोघांऐवजी चौघांनी उचलला की एकेकाच्या हातावरचा भार कमी होतो, तसंच हे. पायांत तर वरच्या रक्ताचंही वजन येऊन पडतं. पण तिथली कातडी इतकी घट्ट असते, की जणू उपजतच दाबाचे मोजे चढवलेले. म्हणून पाय सुजत नाहीत. मूत्रपिंडाभोवतीही मजबूत आवरण असतं.

आता तुमच्याकडे वळू. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की माणसाच्या हृदयाची भिंतही जाड होते. फरक पुढे पडतो. जिराफाची भिंत जाड होऊनही लवचीक राहते. आपल्या भिंतीत स्नायूंच्या मधे व्रणासारखे चिवट तंतू साचतात आणि हृदय ताठर होतं. ते रक्त ढकलतं, पण नीट सैल होत नाही, त्यामुळे पुरेसं भरत नाही. मग रुग्ण टूडी इकोचा कागद पुढे करून विचारतो, ‘पंपिंग ६० टक्के म्हणजे नॉर्मल आहे ना, मग दम का लागतो?’ दम लागतो तो या ताठरपणामुळे. आणि हे सगळं होत असताना डोकं दुखेलच असं नाही. दुखत नाही म्हणून अंगावर काढायचं हे दुखणंच नव्हे.

जिराफाची भिंत ताठर का होत नाही, याचा शोध चालू आहे. २०२१ साली शास्त्रज्ञांनी त्याच्यातल्या एका वेगळ्या घडणीच्या जनुकाचे बदल उंदरांमध्ये घातले आणि बीपी वाढवणारं औषध टोचलं. साध्या उंदरांच्या मानाने या उंदरांचं बीपी कमी चढलं आणि हृदय व मूत्रपिंडंही कमी बिघडली. यातून उद्या एखादं औषध निघेलही, पण आज तुमच्या-माझ्याकडे जनुकाची ती घडण नाही. आपल्याकडे आहे ती गोळी.

‘पण एकदा जाड झालेली भिंत गोळीने थोडीच परत येणार?’ इथे अजगर कामाला येतो. बर्मी अजगर महिनोन् महिने उपाशी राहतो आणि मग मोठी शिकार गिळतो. ती पचवण्यासाठी दोन-तीन दिवसांत त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचं वजन ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद २००५ साली झाली. पचन आटोपलं की हृदय पुन्हा पूर्वीएवढं. आपलं हृदय इतकं चपळ नाही. तरी बीपी नीट आटोक्यात ठेवलं, तर जाड झालेली भिंत काही महिन्यांत-वर्षांत बऱ्याच जणांमध्ये थोडीफार उतरते. चिवट तंतू मात्र सहजासहजी जात नाहीत. म्हणून लवकर सुरुवात करायची.

आणि ‘केमिकलची’ म्हणून जिला नावं ठेवतात, त्या गोळीचं कूळही पाहा. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून कॅप्टोप्रिल तयार झालं. १९८१ साली ते अमेरिकेत मान्य झालं. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या गोळ्या त्याच घराण्यातल्या. कोकणात ज्याच्या धाकाने रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडत नाहीत, त्या फुरशाच्या जातीच्या विषावरूनही टायरोफिबॅन हे औषध घडलं. हार्ट अटॅकच्या रुग्णांत गुठळी वाढू नये म्हणून ते शिरेतून देतात.

आता करायचं काय?

बीपी नीट मोजा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि आकडे वहीत लिहा. घरी हे आठवडाभर केलं तर डॉक्टरांना निर्णय घेणं सोपं जातं.

ईसीजी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि साखर, लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. टूडी इको हवा की नको, ते डॉक्टर ठरवतील.

दिवसाचं सगळं मीठ धरून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. ताटात वरून मीठ नको. पापड, लोणचं, फरसाण आणि सुकी मासळी यातलं मीठही मोजा.

गोळी मनाने बंद करू नका. ‘प्रिल’ने कोरडा खोकला आला किंवा अॅम्लोडिपिनने घोटे सुजले, तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ‘प्रिल’ चालत नाही, आधीच सांगा. एकच पाय सुजून दुखत असेल, तर गुठळीची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवा.

पाणी पिऊन जिराफ झटक्यात मान वर करतो आणि त्याला भोवळ येत नाही. गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांनी त्याची नक्कल करू नये. रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा.

छातीवर दडपण, एकाएकी दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना एवढंच सांगतो: आठवडाभर बीपी मोजा, ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी गोळी दिली तर घ्या. दोन जिने आज चढता, ते सत्तराव्या वर्षीही चढायचे आहेत.