कोयनानगरची वेबसाइट ठेवायची कुठे?

प्रश्न : कोयनानगरजवळ आमचे चार खोल्यांचे होमस्टे आहे. नेहरू उद्यान, ओझर्डे धबधबा, शिवसागर जलाशय पाहायला पुण्या-मुंबईकडचे पाहुणे येतात. जोडीला नाचणीचे पापड, मध आणि करवंदाचे लोणचे विकतो. आता वेबसाइट काढायची आहे. कराडचा ओळखीचा मुलगा म्हणतो, "सगळं माझ्यावर सोडा, वर्षाला एकदा पैसे द्या." जाहिरातींत महिना ९९ रुपयांचे होस्टिंग दिसते. भाचा म्हणतो, घ्यायचे तर व्हीपीएसच घ्या. मुळात ही वेबसाइट राहते कुठे? पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली, रेंज गेली की तीही बंद पडणार का? आणि होस्टिंग निवडायचे कसे?
— एक वाचक, कोयनानगर

उत्तर : लाइटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच बाकीची उत्तरे दडलेली आहेत. वेबसाइट म्हणजे काही फायली : मजकूर, फोटो आणि ते कसे मांडायचे याच्या सूचना. त्या चोवीस तास चालू असलेल्या संगणकावर ठेवाव्या लागतात. कुणी फोनवर तुमचा पत्ता उघडला की तो संगणक, म्हणजे सर्व्हर, त्या फायली त्याच्याकडे धाडतो. या सर्व्हरवरची जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. महाराष्ट्रात असे सर्व्हर सांभाळणारी डेटा सेंटर नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकवटली आहेत, पुण्यात आहेत, नाशिकची ईएसडीएस ही कंपनी २००५ पासून याच धंद्यात आहे. तिथे वीज गेली तर बॅटऱ्या काही क्षणांत भार उचलतात आणि मागोमाग डिझेल जनरेटर सुरू होतात. त्यामुळे कोयनानगरला दोन दिवस अंधार असला तरी डोंबिवलीतल्या माणसाला तुमच्या खोल्यांचे फोटो दिसत राहतील.

अडचण येईल ती दुसरीकडून. त्याने फोटो पाहिले, शनिवार-रविवारचे बुकिंग टाकले, आणि तुम्हाला रेंज नाही. जुलै २०२१ची अतिवृष्टी तुम्ही विसरला नसाल. आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या, माणसे गेली आणि त्याच दिवसांत घाटापलीकडे चिपळूण पाण्याखाली होते. अशा वेळी निघालेल्या पाहुण्याला "रस्ता बंद आहे, येऊ नका" हे कळणे कुठल्याही सजावटीपेक्षा मोलाचे आहे. म्हणून होस्टिंग निवडताना माझी पहिली कसोटी अशी : पहिल्या पानावरची एक ओळ साध्या मोबाइलवरून, कुणाच्याही मदतीशिवाय, दहा मिनिटांत बदलता येते का? आणि ती बदलण्याची परवानगी पुण्यात किंवा कराडला राहणाऱ्या घरच्या माणसाला वेगळ्या पासवर्डने देता येते का? हे जमत नसेल तर बाकी कितीही सोयी असोत, ती जागा तुमच्या कामाची नाही. पैसे भरण्याआधी हे करून दाखवायला सांगा.

सर्व्हर जवळ हवा तो तुमच्या नव्हे, पाहुण्याच्या. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून पुण्याला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचे दोन-तीन हजारांश पुरतात. तोच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर अंतर एका बाजूने १२ हजार किलोमीटरच्या वर भरते आणि समुद्राखालच्या केबलची वळणे धरून एका फेरीला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. पान उघडण्याआधी फोन आणि सर्व्हर यांच्यात तीन फेऱ्या तरी होतातच : आधी जोडणी, मग सुरक्षित कुलूप, मग पान. म्हणजे पहिले अक्षर दिसण्यापूर्वीच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ गेला. नोंदणी करताना सर्व्हरचे ठिकाण निवडायला देतात तिथे मुंबई किंवा भारत निवडा. स्वस्त योजनांत कधी कधी हा पर्याय दिलेलाच नसतो, तेव्हा विचारून घ्या.

यापेक्षा जास्त वेळ मात्र आपण स्वतःच वाया घालवतो, फोटोंमध्ये. हल्लीच्या फोनवर काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. धबधब्याचे, जलाशयाचे, खोल्यांचे मिळून असे वीस फोटो जसेच्या तसे एका पानावर टाकले की ते पान ८० एमबीचे झाले. कुंभार्ली घाट चढताना गाडीतून ते उघडणारा पाहुणा कंटाळून दुसरीकडे जातो. तेच फोटो लहान करून प्रत्येकी १५० केबीचे केले तर सगळे मिळून ३ एमबी, आणि फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही. दिवसाला २०० माणसे आली आणि प्रत्येकाने असे एक पान पाहिले, तर महिन्याला १८ जीबी डेटा जातो. साध्यातले साधे होस्टिंग एवढे पेलते. न लहान केलेल्या फोटोंनी हाच आकडा ४८० जीबी होतो. मग कंपनी मोठी योजना घ्यायला सांगते आणि आपल्याला वाटते धंदा वाढला.

आता भाच्याचे व्हीपीएस. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात आणि त्याची देखभाल कंपनी करते. व्हीपीएसमध्ये त्या यंत्राचा एक हिस्सा तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. ताकद आणि मोकळीक जास्त मिळते, पण साध्या व्हीपीएसवर सुरक्षेचे अपडेट, फायरवॉल, बिघाड हे सारे तुमच्या अंगावर येते. भाचा आज हौसेने करेल. उद्या त्याला नोकरी लागली, परीक्षा आली, की त्या सर्व्हरकडे सहा महिने कुणी पाहणार नाही, आणि अशीच दुर्लक्षित यंत्रे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. चार खोल्यांच्या होमस्टेला आणि लोणच्या-पापडाच्या विक्रीला व्हीपीएसची गरज नाही, हे मी ठामपणे सांगतो. शेअर्ड पुरते.

त्याहूनही साधा मार्ग आहे, स्टॅटिक वेबसाइटचा. तिची पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात. मागे डेटाबेस नाही, प्लगइन म्हणजे जोड-प्रोग्रॅम नाहीत, त्यामुळे फोडण्यासारखेही फारसे काही नाही. क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या सेवेवर अशी पाने फुकट ठेवता येतात. मात्र ती बदलायची पद्धत जरा तांत्रिक असते, आणि रस्ता बंद झाल्याची ओळ मोबाइलवरून टाकण्याच्या माझ्या पहिल्या कसोटीवर ती अडते. घरात कुणी जाणकार असेल तर हा मार्ग उत्तम. नसेल तर शेअर्ड होस्टिंगवर वर्डप्रेस हे मोबाइलवरूनही पाने बदलू देणारे सॉफ्टवेअर घ्या, प्लगइन मोजकेच ठेवा आणि आपोआप अपडेट चालू ठेवा.

कराडच्या मुलाबद्दल. तो प्रामाणिक असेलच, आणि स्थानिक माणसाला काम मिळावे हे मलाही वाटते. वेबसाइट त्याच्याकडूनच करून घ्या. पण 'सगळं माझ्यावर सोडा' यातल्या एका गोष्टीला नकार द्या. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच मोबाइल नंबरवर नोंदलेले असले पाहिजे. डोमेन हा सातबारा आहे. होस्टिंग आज एका कंपनीकडे, उद्या दुसरीकडे नेता येते; फायली उचलायच्या, नव्या जागी ठेवायच्या, एक-दोन दिवसांचे काम. नाव दुसऱ्याच्या खात्यात असेल तर त्याच्या सहीशिवाय तुम्हाला काहीच हलवता येत नाही. धरणाखाली गेलेल्या गावांच्या नोंदींसाठी कोयनेच्या माणसांनी किती वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा नाव स्वतः खरेदी करा, पैसे स्वतःच्या खात्यातून भरा, पावती जपून ठेवा, आणि मुलाला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या.

शेवट डॉट इन असलेले नाव घ्यावे असे मी सुचवेन. वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च येतो. २०१४ पासून डॉट भारत ही देवनागरी नावेही मिळतात. आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत लिहून वेबसाइट उघडते हे पाहून मला आजही बरे वाटते. हौस असेल तर तेही घ्या आणि दोन्ही एकाच वेबसाइटला जोडा. मात्र छापील कार्डावर डॉट इन ठेवा, कारण देवनागरी पत्ते न स्वीकारणारे ईमेलचे फॉर्म अजून पुष्कळ आहेत.

फुकट जागेवर पूर्ण भिस्त ठेवू नये, याचा दाखला समोर आहे. गूगलने छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट वेबसाइट दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या बंद केल्या. त्याआधी याहूच्या जिओसिटीजवरची असंख्य पाने २००९ मध्ये गेली. ज्यांचे नाव स्वतःचे होते त्यांनी ते नव्या जागेला जोडले आणि काम चालू राहिले. ज्यांचा पत्ताच गूगलचा होता, त्यांची कार्डे आणि पाट्या निरुपयोगी झाल्या. नकाशावरची गूगलची नोंद मात्र जरूर करा. अनेक पाहुणे तुम्हाला आधी तिथेच शोधतील.

बॅकअपच्या बाबतीत मी हट्टी आहे. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पाच मजली इमारत जळाली. बॅटऱ्या, जनरेटर, पहारा सगळे होते. तरीही काही ग्राहकांचे कायमचे नुकसान झाले, कारण त्यांच्या बॅकअपची प्रत त्याच आवारात ठेवलेली होती. प्रकरणे न्यायालयात गेली. चार महिन्यांनी चिपळूणच्या पुरात दुकानांचे संगणक आणि दप्तरे पाण्यात गेली. दोन्हीकडून एकच गोष्ट कळते : कंपनीकडची प्रत पुरेशी नाही आणि घरातली एकटी प्रतही पुरेशी नाही. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसलेल्या गावाला हे अधिक पटेल. होस्टिंगवाल्याला विचारा : बॅकअप रोज होतो की आठवड्याला, किती दिवसांचा ठेवता, आणि परत आणायला वेगळे पैसे घेता का? मग महिन्यातून एकदा पूर्ण प्रत स्वतः उतरवून घ्या, एक पेन ड्राइव्हवर आणि एक पुण्याच्या नातेवाइकाकडे.

होस्टिंगवर काय ठेवू नये, याबद्दलही एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाहुण्यांच्या आधार कार्डाचे फोटो वेबसाइटच्या फॉर्ममधून मागवू नका. ते होस्टिंगच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात आणि कुणाच्या हाती लागतील सांगता येत नाही. ओळखपत्र पाहुणा दारात आल्यावर बघा. पैशांसाठी यूपीआय किंवा पेमेंट गेटवे वापरा.

महिना ९९ रुपयांची जाहिरात खोटी नसते, अपुरी असते. तो दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, वर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मुदत संपल्यावरचा दर दुप्पट-तिप्पट निघतो. नूतनीकरणाचा दर त्याच पानावर लहान अक्षरांत असतो. योजनांची तुलना त्याच आकड्याने करा. एसएसएल प्रमाणपत्रासाठी, म्हणजे वर सांगितलेल्या सुरक्षित कुलपासाठी, वेगळे पैसे मागत असतील तर सरळ पुढे जा, कारण लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था गेली काही वर्षे ते फुकट देते. '९९.९ टक्के चालू' या हमीचा अर्थ ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे बंद, असा होतो. ९९ टक्के म्हणजे सात तासांहून जास्त. हमी मोडली तर मिळते ती भाड्यातली सूट. त्या दिवशी बुडालेल्या बुकिंगची भरपाई कुणी देत नाही. खरेदीपूर्वी रविवारी रात्री मदत केंद्राला एखादी शंका विचारून पाहा. उत्तर किती वेळात येते आणि समजेल अशा भाषेत येते का, यावरून जाहिरातीपेक्षा जास्त कळते.

राहिली खरेदीची तारीख. बहुतेक लोक हंगाम तोंडावर आला की, मे-जूनमध्ये, घाईने नाव आणि होस्टिंग घेतात. मग दरवर्षी मुदत संपते ती ऐन पावसात, जेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असते, रेंज नसते आणि आठवणीचा ईमेल कुणी उघडत नाही. मुदत उलटून गेली की वेबसाइट आणि त्या नावावरचे ईमेल दोन्ही थांबतात. फार उशीर झाला तर नाव सोडवायला जबर दंड पडतो आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतो. तुम्ही फेब्रुवारीत खरेदी करा. डॉट इन नाव एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येते. पाच वर्षांचे घ्या, आणि नोंदणीत तुमच्याबरोबर घाटाखालच्या किंवा पुण्याच्या एखाद्या माणसाचा मोबाइल नंबरही द्या.