बेथलेहेम येथील ख्रिस्तजन्माचें मंदिर

शास्त्रपाठ : लूक २:१-२०, इफिसकरांस २:११-२२

बेथलेहेम हें नांव ज्यास ठाऊक नाहीं असा ख्रिस्ती मनुष्य आमच्या खेड्यांत क्वचितच सांपडेल. नाताळांत मुलें गव्हाण मांडतात, मेंढपाळ व मागी होऊन येतात, आणि जिला अक्षरओळख नाहीं अशी म्हातारीहि तो सर्व वृत्तांत तोंडपाठ सांगते. परंतु त्या गांवीं कोणतें मंदिर उभें आहे, तें कोणीं बांधिलें व त्याजवर कसकसे प्रसंग आले, हें थोड्यांसच ठाऊक असतें. म्हणून या पाठांत आम्ही वाचकांस मनानें त्या मंदिरांत नेतों. दारापासून आरंभ करूं, खालीं पाहूं, भिंतींकडे पाहूं, आणि शेवटीं छपराविषयींची गोष्ट ऐकूं. कारण या पाठाचा मुख्य बोध त्या छपरांतच आहे.

१. बसकें दार

बेथलेहेम यरुशलेमेच्या दक्षिणेस सुमारें सहा मैलांवर डोंगराळ भूमींत आहे. तेथील जन्ममंदिर बाहेरून पाहिलें तर मंदिरासारखें न दिसतां एखाद्या जुन्या गढीसारखें दिसतें. जाड दगडी भिंत, आणि एवढ्या भिंतीस दार केवढें? अवघें चार फूट उंच! राजा असो कीं भिकारी असो, वांकल्यावांचून कोणा मोठ्या माणसास आंत जातां येत नाहीं. त्यास लोक 'नम्रतेचें दार' म्हणतात.

या दाराजवळची भिंत नीट वाचली तर तीन काळांचा इतिहास तेथेंच समजतो. वरच्या बाजूस एका मोठ्या रुंद दाराचा आडवा दगड दिसतो; तें दार सहाव्या शतकांतलें. त्याच्या आंत एक टोंकदार कमान दिसते. ती क्रूसेडर लोकांच्या, म्हणजे बाराव्या शतकाच्या सुमारास यरुशलेमेंत राज्य करणाऱ्या पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांच्या काळची. आणि ती कमानहि दगडांनीं भरून काढून तिच्यांत पुढें हें बसकें दार ठेविलें. कारण असें सांगतात कीं, घोडेस्वार व लुटारू जनावरांसह आंत शिरूं नयेत. तेव्हां हें दार मूळचें नम्रतेमुळें नव्हे, तर भीतीमुळें लहान झालें. तथापि माणसांनीं भीतीनें केलेल्या कामांतूनहि देव आपल्या लेंकरांस धडा शिकवितो.

आंत एका दालनांत १२२७ सालीं आर्मेनी कारागिरांनीं कोरलेलें लांकडी दार आहे. त्यावर आर्मेनी व अरबी या दोन भाषांत लेख आहेत. उंबरठा ओलांडतां ओलांडतांच किती लोकांचे हात या मंदिरास लागले आहेत हें ध्यानांत येऊं लागतें.

२. जमिनीखालची जमीन

प्रभूचा जन्म गुहेंत झाला असें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. लूक गव्हाणीचें नांव घेतो, गुहेचें घेत नाहीं. परंतु त्या देशांत घराजवळच्या गुहेंत गुरें बांधण्याची चाल होती. इ. स. १५० च्या सुमारास जस्टिन मार्टर यानें गुहेचा उल्लेख केला आहे, आणि सुमारें शंभर वर्षांनंतर ओरिगेन यानें लिहिलें आहे कीं बेथलेहेमांत ती गुहा दाखवीत असत. म्हणजे राजाश्रय मिळण्यापूर्वीं, छळाच्या दिवसांतच, ही आठवण तेथील लोकांनीं जपिली होती.

पुढें कान्स्टंटाइन बादशहाच्या कारकीर्दींत त्या गुहेवर पहिलें मंदिर बांधिलें. त्याचें समर्पण इ. स. ३३९ त झालें. सहाव्या शतकांत शोमरोनी लोकांच्या बंडांत त्याची नासधूस झाली, तेव्हां जस्टिनियन बादशहाच्या काळीं तें पुन्हा मोठें करून बांधिलें. गुहेवरचा अष्टकोनी भाग काढून त्याच्या जागीं तीन बाजूंस तीन अर्धगोल दालनें केलीं. आज उभें आहे तें बहुतेक हेंच मंदिर. मधल्या दालनाच्या दोहों बाजूंस तांबूस दगडाच्या खांबांच्या दोन दोन ओळी आहेत. एका ओळींत अकरा, असे चव्वेचाळीस खांब. पुष्कळ खांबांवर क्रूसेडर लोकांच्या वेळीं साधुसंतांचीं चित्रें काढलीं. त्यांत दूर उत्तरेकडील नॉर्वेचा राजा ओलाफ हाहि आहे.

परंतु पहिलें मंदिर अगदींच नाहींसें झालें नाहीं. १९३४ सालीं तेथें खणून पाहिलें असतां हल्लींच्या फरशीखालीं सुमारें दोन-अडीच फुटांवर जुनी जमीन सांपडली. ती मोझेइकाची होती. मोझेइक म्हणजे रंगीत दगडांचे किंवा कांचेचे हरभऱ्याएवढे बारीक तुकडे ओल्या चुन्यांत एकापुढें एक बसवून केलेलें चित्र. एक तुकडा हातांत घेतला तर तो निरुपयोगी खडा. हजारों एकत्र बसले म्हणजे वेलबुट्टी उमटते. लांकडी झांकणें उघडून ही जमीन पाहण्याची सोय केलेली आहे.

तिच्यांत एके ठिकाणीं पांच ग्रीक अक्षरें आहेत. त्यांचा शब्द होतो 'इख्थुस', म्हणजे मासा. परंतु हीं पांच अक्षरें पांच शब्दांचीं पहिलीं अक्षरें आहेत. ते शब्द येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा असे होत. बादशहाच्या मंदिराच्या जमिनींतहि ही साधी कबुली बसविलेली होती. वरचीं छपरें बदललीं, राज्यें बदललीं, परंतु ही कबुली तशीच मातीखालीं टिकून राहिली.

३. भिंतींवरचे देवदूत

इ. स. ६१४ त इराणी सैन्यानें तो देश घेतला व यरुशलेमेंतील मंदिरांची नासाडी केली. परंतु बेथलेहेमचें मंदिर वांचलें. याविषयीं जुनी कथा अशी आहे कीं, मंदिराच्या दर्शनी भागावर मागी लोकांचें मोझेइक-चित्र होतें व त्यांचा पोशाख इराणी होता. आपल्याच देशाचे लोक तेथें बाळापुढें नमन करीत आहेत, हें पाहून सैनिकांनीं हात आंवरला. कथा म्हणूनच आम्ही ती सांगतों.

भिंतींवर जें काम शिल्लक आहे तें बाराव्या शतकांतलें. या मोझेइकांत कांचेचे तुकडे पुष्कळ आहेत. सोनेरी तुकडा करितांना सोन्याचा अतिशय पातळ वर्ख कांचेच्या दोन थरांमध्यें घालीत, आणि असे तुकडे किंचित् तिरपे बसवीत, म्हणजे दिव्याचा उजेड पडतांच भिंत लकाके. प्रभूच्या पूर्वजांच्या प्रतिमा, थोमाच्या संशयाचें निवारण, प्रभूचा यरुशलेमेंत प्रवेश, असे विषय तेथें आहेत. प्राचीन ख्रिस्ती सभांचे निर्णय तर चित्रानें नव्हे, शब्दांनींच भिंतीवर लिहिले आहेत. खिडक्यांच्या मध्यें मोठाले देवदूत आहेत. ते सर्व पूर्वेकडे, गुहेच्या दिशेनें चालले आहेत. जणूं उपासकांच्या पुढें होऊन ते वाट दाखवीत आहेत.

हें काम कोणाचें? याचें उत्तर मंदिरांतच लिहिलेलें आहे. ११६९ सालचा तेथें एक लेख आहे, ग्रीक व लॅटिन या दोन भाषांत. त्यांत ग्रीक बादशहा मनुएल, यरुशलेमेचा लॅटिन राजा अमालरिक, बेथलेहेमचा लॅटिन बिशप राल्फ आणि एफ्राईम नांवाचा कारागीर साधु, इतक्यांचीं नांवें आहेत. दुसऱ्या एका कारागिराचें, बासिलाचें, नांव लॅटिन व सुरियानी अक्षरांत आहे. वाचकहो, हें साधें नव्हे. पूर्वेकडील ग्रीक मंडळी व पश्चिमेकडील रोमन मंडळी यांची फूट १०५४ त पडली होती. तरी शंभराहून अधिक वर्षांनंतर दोघांनीं एका भिंतीवर मिळून काम केलें.

४. तारा व तंटा

आतां पायऱ्या उतरून गुहेंत जाऊं. गुहा लहानच, सुमारें चाळीस फूट लांब व दहा फूट रुंद. जेथें जन्म झाला असें मानितात तेथें चौदा टोंकांचा रुप्याचा तारा बसविलेला होता. रोमन मंडळीनें तो १७१७ त बसविला व त्यावर लॅटिन लेख होता. १८४७ त तो तारा चोरीस गेला. कोणीं नेला यावरून ग्रीक व रोमन यांचें भांडण पेटलें. रशियाचा बादशहा ग्रीकांच्या बाजूस व फ्रान्सचा राज्यकर्ता रोमनांच्या बाजूस उभा राहिला. तशाच ताऱ्याची स्थापना पुढें तुर्की सुलतानानें करविली, पण १८५३ त क्रिमियाचें युद्ध सुरू झालें व १८५६ पर्यंत चाललें. राज्यलोभाचीं इतर कारणें त्या युद्धास होतींच. तरी ज्या ठिकाणीं देवदूतांनीं शांतीची वार्ता दिली, तेथील तंटा लाखों माणसांचा जीव घेणाऱ्या युद्धाचें एक निमित्त झाला, हें वाचून कोणाचें मस्तक खालीं होणार नाहीं?

मंदिर ग्रीक, आर्मेनी व रोमन अशा तीन मंडळ्यांच्या ताब्यांत आहे. कोणी कोठें दिवा लावावा, कोणी कोठें झाडावें, हें सर्व जुन्या वहिवाटीनें ठरलेलें आहे. २०११ च्या डिसेंबरांत नाताळची झाडलोट चालू असतां ग्रीक व आर्मेनी साधु झाडू उगारून एकमेकांवर धांवले, आणि पोलिसांस मध्यें पडावें लागलें.

५. गळतें छप्पर

या वहिवाटींत एक नियम असा कीं, जो दुरुस्ती करील त्याचा त्या जागेवर हक्क सिद्ध होतो. यामुळें काय झालें तें ऐका. पंधराव्या शतकाच्या अखेरीस छप्पर नवें केलें, तेव्हां व्हेनिसच्या जहाजांतून लांकूड आलें व इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड यानें शिसें दिलें. पुढें १८४२ त ग्रीकांनीं छपराचें काम केलें. त्यानंतर छप्पर पुन्हा कुजूं लागलें, शिशाचे पत्रे फाटले, आणि पावसाचें पाणी भिंतींवरून ओघळूं लागलें. दुरुस्ती करावयास तिघांचीहि इच्छा होती. परंतु एकानें हात लावावा तर दुसऱ्यास भय, कीं हा उद्यां मालकी सांगेल. म्हणून कोणीच पुरतें काम करूं शकेना. मालकी शाबूत राहिली आणि मंदिर गळत राहिलें.

भिंतींवर पूर्वीं सुमारें २,००० चौरस मीटर मोझेइक होतें. त्यांतून सुमारें १३० चौरस मीटर शिल्लक राहिलें, म्हणजे पंधरा भागांतून सुमारें एक भाग. भूकंप, हयगय व पाऊस यांनीं बाकीचें खाल्लें. २०१२ सालीं जगाच्या वारशांतील धोक्यांत असलेल्या स्थळांच्या यादींत या मंदिराचें नांव घालावें लागलें.

शेवटीं पॅलेस्टाईनच्या राज्यकारभारानें पुढाकार घेऊन तिन्ही मंडळ्यांस एकत्र बसविलें. तिघांनीं संमति दिली, निरनिराळ्या देशांतून पैसा आला, आणि २०१३ त इटालियन कारागिरांनीं कामास हात घातला. आधीं छप्पर, मग खिडक्या, मग भिंती. काजळी व धूळ पुसली गेली तसे सोनेरी तुकडे पुन्हा लकाकूं लागले. २०१६ त एक आनंदाची गोष्ट घडली. भिंतीवरील गिलाव्याच्या एका भागाखालीं कांहींतरी आहे असें उष्णता दाखविणाऱ्या यंत्रानें दिसून आलें. गिलावा हळूच काढला, तो आंत सातवा देवदूत! किती काळ तो झांकलेला होता. इतर सहांप्रमाणेंच तोहि गुहेकडे चालला होता. २०१९ त मंदिराचें नांव धोक्याच्या यादींतून काढण्यांत आलें.

बोध

हें वाचून आपण प्रॉटेस्टंट लोकांनीं हंसूं नये. आपल्या उपासनामंदिरांस सोनेरी मोझेइक नाहीं. कोठें कौलें, कोठें पत्रा, कोठें शेणानें सारविलेली जमीन. परंतु भांडणास सोनें लागत नाहीं. घंटा कोणाच्या बापानें दिली, पुढच्या बांकावर कोणाचें घर बसावें, पंचमंडळांत जुनीं घरें कीं नवीं घरें, किल्ली कोणाकडे असावी, अशा गोष्टींवरून दोन वर्षें कुलूप लागलेलीं मंदिरें आम्हीं पाहिलीं आहेत. पाऊस आंत पडतो, पेटी भिजते, मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग मोडतो, आणि दोन्ही पक्ष म्हणतात, "आम्ही हक्क सोडणार नाहीं." हक्क राहतो, मूल जातें.

आपणांस पवित्र जागेची पूजा करावयाची नाहीं. देवाची उपासना डोंगरास किंवा गुहेस बांधलेली नाहीं, हें प्रभूनें शोमरोनी स्त्रीस सांगितलें आहे. परंतु त्या भिंतींपासून शिकण्यास हरकत नाहीं. एफ्राईम व बासिल यांच्यासारखे निराळ्या भाषेचे लोक एकत्र बसले तेव्हां देवदूत उमटले. वारस हक्कासाठीं वेगळे बसले तेव्हां ते देवदूत भिजून गळून पडले. आणि ते पुन्हा एका मेजाशीं बसले तेव्हां गिलाव्याखालचा देवदूतहि सांपडला. आपल्या मंडळींतहि असा एखादा झांकलेला असेल: तंट्यामुळें येईनासा झालेला एखादा तरुण, कोपऱ्यांत बसविलेली एखादी विधवा. छप्पर आधीं नीट करूं या. मग तो दिसेल.

आणि आरंभ कोठून करावा? बेथलेहेमाप्रमाणेंच, दारापासून. प्रथम वांकावें, मग आंत जावें.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न

१. नम्रतेचें दार मूळ कोणत्या कारणानें लहान करण्यांत आलें? त्यापासून आपण काय शिकतों?
२. जमिनीखालच्या पांच ग्रीक अक्षरांत कोणती कबुली आहे?
३. ११६९ च्या लेखांत कोणाकोणाचीं नांवें आहेत, व तीं एकत्र असणें विशेष कां?
४. छप्पर इतके दिवस गळत कां राहिलें?
५. आपल्या मंडळींत मालकीच्या वादामुळें कोणतें काम अडून राहिलें आहे? या आठवड्यांत त्यासाठीं प्रथम कोणी कोणाच्या घरीं जावें?