फिट थांबली, पुढं काय?

चि. भाचीस,


नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालीस, घरात सगळ्यांना आनंद झाला. तिथं अणदूर, जळकोट, बोरीकाठच्या वस्त्यांवरून फिटचे पेशंट येतील. बहुतेकांना एवढंच विचारलं जातं : फिट आली का? ‘नाही’ म्हटलं की तीच गोळी पुन्हा लिहून मिळते. तू तिथं थांबू नकोस.

पेशंट तरुण मुलगी असेल तर गोळ्यांची पट्टी मागून घे, उलटी करून नाव वाच. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध असेल, तर पाळी नियमित येते का, वजन वाढलं का, हनुवटीवर केस आलेत का, हे बाजूला नेऊन विचार; सासूसमोर ती बोलणार नाही. फिनलंडच्या औलू शहरातल्या डॉक्टरांनी फिट येणाऱ्या २३८ बायकांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. फक्त व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के जणींच्या बीजकोशांत बारीक गाठी होत्या. विशीच्या आत ते सुरू झालेल्यांपैकी ८० टक्के जणींत या गाठी किंवा वाढलेले पुरुषी हार्मोन आढळले. त्याच डॉक्टरांनी पुढं काही जणींना लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधावर आणलं. वर्षभरात वजन आणि इन्सुलिन दोन्ही उतरलं. तेव्हा ‘खाऊन खाऊन सुटली’ असं त्या पोरीला कुणी म्हणालं, तर तिथंच अडव.

व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस राहिले तर शंभरातल्या दहाएक बाळांत व्यंग निघतं. म्हणून लग्न ठरतानाच तिला डॉक्टरांकडे धाड. हिंदू विवाह कायद्यातली फिटची आडकाठी १९९९ मध्ये निघाली, तरी सासरी गोळ्या अजून लपवाव्या लागतात, याचं फार वाईट वाटतं.

फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही फिटची जुनी औषधं. त्यांच्यामुळं यकृत ड जीवनसत्त्व भराभर संपवतं, हाडं ठिसूळ होतात, कोलेस्टेरॉल वाढू शकतं. पाळणा लांबवायच्या गोळ्यांचाही असर कमी होतो, हे तर सांगायलाच हवं. पुरुषांत कामेच्छा मंदावते; ते आपणहून बोलत नाहीत.

पण हे ऐकून कुणी गोळी सोडता कामा नये. एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊन जीव जाऊ शकतो. बदल डॉक्टरांनीच, हळूहळू करायचा. सोलापूरच्या सिव्हिलला पाठवशील तेव्हा चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस, किती वर्षं चालू आहे, वजन आणि पाळीची तारीख न चुकता लिहीत जा.

तुझा मामा