भाचीस पत्र : रेषा, छटा आणि कातळावरचा हत्ती

रत्नागिरी

चि. मनू,


तू पाठवलेली शब्दांची यादी बारकाईने वाचली. रेषा, आकार, अवकाश, छटा, पोत, समतोल, यथार्थदर्शन, आणि प्रत्येकापुढे एका ओळीची व्याख्या. पेपर सोडवायला एवढं पुरेल. पण चार वर्षं चित्रं बघायची आणि काढायची आहेत, त्याला ही वही पुरणार नाही. यातला एकेक शब्द म्हणजे चित्राला विचारायचा प्रश्न आहे असं समज. समोर चित्र नसेल तर प्रश्न विचारायचा कोणाला?

दिवाळीत आलीस की आधी आपण राजापूर तालुक्यातल्या कशेळीला जाऊ. तिथल्या सड्यावर हत्तीचं कातळशिल्प आहे, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. 2022 साली कोकणातली जी कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, त्यांत हेही आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला हत्ती दिसतच नाही. पायाशी जांभ्यात खोदलेली खाच तेवढी दिसते. तिच्या कडेकडेने चालत गेलं की हळूहळू पाठ कळते, पाय कळतात, सोंड कळते. ज्याने हे खोदलं त्यालाही उभ्या जागेवरून अख्खा हत्ती दिसला नसणार. आकार त्याच्या डोक्यात होता आणि हात रेषेवर होता. हत्तीच्या अंगाचा कातळ बराचसा जसाच्या तसा आहे, खोदली आहे ती मुख्यतः कड. रेषा आणि आकार यांचा संबंध यापेक्षा स्वच्छ मला कुठेच दिसलेला नाही.

आता त्या हत्तीच्या पोटात बघ. तिथे इतर प्राण्यांच्या आकृत्या खोदलेल्या आहेत. म्हणजे हत्ती बघताना जो आकार, तोच आतले प्राणी बघताना त्यांच्याभोवतीचा अवकाश. तुझ्या वहीत अवकाश म्हणजे ‘रिकामी जागा’ असं लिहिलं आहेस. ते खोडून टाक. ती जागा आकृतीइतकीच कामाची असते, आणि चित्र फसतं ते बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने. जायचं मात्र सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. तिरप्या उन्हात खाचेत सावली भरते आणि रेषा उठून दिसते. भर दुपारी ती जवळजवळ पुसली जाते. आणि याला उठावशिल्प म्हणू नकोस. उठावात आकृती पृष्ठभागाच्या वर येते, इथे ती आत खोदलेली आहे.

बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ असं शिल्प आहे. समतोल या शब्दासाठी ते बघ, पण एक वाघ मनातल्या मनात झाकून बघ. माणूस कुठे ढळतो ते लगेच जाणवेल.

देवीहसोळला चौकोनी भौमितिक आकृती आहे. तिचा अर्थ आज आपल्याला लागत नाही. तिथे उभं राहून लोक पटकन ‘अमूर्त’ म्हणून मोकळे होतात, आणि या सवयीची मला खरोखर चीड येते. अर्थ न लागणं ही आपली अडचण आहे; अमूर्त ही चित्रकाराने केलेली निवड असते. चित्रकार वासुदेव गायतोंडे जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडले, आधी मानवाकृती रंगवत होते, आणि पुढे समजून-उमजून ओळखीच्या वस्तू चित्रातून काढून टाकत गेले. खोदणाऱ्याच्या मनात काय होतं ते ठाऊक नसताना तो शब्द त्याच्यावर लादू नये. ‘भौमितिक’ म्हण, तेवढं डोळ्यांना दिसतं आहे.

छटेसाठी मात्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांकडे जायला हवं. हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र, ‘ग्लो ऑफ होप’, तू कॅलेंडरवर पाहिलं असशीलच. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा 1906 साली वारले आणि हे चित्र 1940 नंतरचं. साडीतली बाई आणि हुबेहूब रेखाटन दिसलं की नाव ठरलंच! विषय आणि शैली यांची गल्लत होते ती अशी. माध्यमाचीही होते, कारण पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं. ते जलरंगात आहे.

माध्यम कळलं की छटेचं मोल कळतं. तैलरंगात उजेड वरून पांढरा लावून आणता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद, तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. ज्योतीआड धरलेल्या तळहाताची बोटं आतून लालसर उजळलेली आहेत. ती उजळ दिसतात ती भोवतीचा अंधार किती गडद ठेवायचा हे चित्रकाराने आधीच ठरवल्यामुळे. डोळे अर्धवट मिटून बघ, म्हणजे रंग मागे सरतात आणि फक्त उजळ-गडदाची मांडणी उरते. छटा तपासायची ही जुनी रीत आहे. तुमच्याकडे हल्ली पेन्सिलीवर बोट घासून गुळगुळीत शेडिंग करतात. त्याने सगळं करडं होतं, छटा होत नाही. ते सोड.

रंगाचं नाव, त्याचा उजळपणा आणि त्याचं तेज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या परसातला जांभ्याचा गडगा मे महिन्यात बघ आणि पावसात भिजल्यावर बघ. नाव तेच, तांबडा. पण भिजल्यावर तो गडदही होतो आणि तेजही चढतं.

यथार्थदर्शन आकृत्या काढून शिकवतात, ते शीक. फक्त एकदा मांडवीच्या जेटीवर उभी राहा, मग रत्नदुर्गावर चढ. क्षितिज तुझ्या डोळ्यांच्या पातळीला तुझ्याबरोबर वर येईल. हे एकदा पाहिलं की पुढचं सगळं गणित सोपं जाईल.

मूळ चित्रं जवळून पाहायला देवरूखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयातही जाऊ. तोवर एक काम कर. हळदणकरांचं ते चित्र समोर ठेवून पानभर लिही, यादीतला एकही शब्द न वापरता, फक्त काय दिसतं ते. लिहून झालं की कुठल्या वाक्याला यादीतला कुठला शब्द लागू पडतो ते समासात मांड, आणि फोटो न काढता पोस्टाने पाठव. मी त्यावर पेन्सिलीने खुणा करून परत पाठवीन.



तुझा,
मामा