जुना रंग काढताय? हीट गन हातात घेण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, दिवाळी तोंडावर आली की विष्णुपुरी आणि आसपासच्या गावांत दारं-चौकटी रंगवायची घाई सुरू होते. जुन्या लाकडी चौकटीवर ऑइल पेंटचे चार-पाच थर बसलेले असतात. ते सोडवायला काही घरी हीट गन भाड्यानं आणतात. यंत्र सोपं वाटतं, पण धोका जुन्या रंगात दडलेला असतो.

धोका कसला?
जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगात, शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून देशात मर्यादा आली: दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीचा रंग असेल तर शिसं आहे असंच धरून चाला. शिसं लहान लेकरांच्या मेंदूला इजा करतं. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

आधी हे ठरवा
रंग घट्ट बसलेला असेल, पापुद्रे सुटत नसतील, तर तो काढूच नका. ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि वरून नवा रंग लावा.

काढावाच लागला तर
१. लेकरं, गरोदर बाया आणि जनावरं लांब ठेवा. खिडक्या उघडा. भांडी, धान्य, पाण्याचे माठ बाहेर काढा. खाली प्लास्टिक अंथरा.
२. सुती कपडे घाला, पदर खोचा. नायलॉनची साडी नको. एन-९५ मास्क लावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही.
३. दोन हजार वॅटची हीट गन साधारण नऊ अँपिअर वीज ओढते. छोटा प्लग सहा अँपिअरचा असतो. म्हणून १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला मोठा प्लगच वापरा.
४. उष्णता कमीवर ठेवा, ५०० अंशांच्या वर नेऊ नका. गन दोन-तीन इंच लांब धरून हलवत राहा. रंगाला फोड आले की लगेच पातीनं खरवडा. धूर निघाला की थांबा. काचेवर झोत मारू नका, ती तडकते.
५. बंद केल्यावरही तोंड बराच वेळ तापलेलं असतं. चौकटीच्या फटीत आग धुमसू शकते, म्हणून तासभर लक्ष ठेवा. पाण्याची बादली जवळ असू द्या, पण आधी प्लग काढा.
६. कोरडा पॉलिश पेपर घासू नका. पाणी लावून घासा.

काम झाल्यावर
झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पापुद्रे पिशवीत बांधून, काय आहे ते सांगून कचरागाडीत द्या. उकिरड्यावर टाकले तर जनावरं चाटतात, त्यांनाही शिशाची बाधा होते. जुन्या रंगाचं लाकूड चुलीत घालू नका. हात-तोंड धुतल्याशिवाय जेवू नका, कपडे वेगळे धुवा.

बैठकीत बोला
आपल्या घरात, अंगणवाडीत कुठल्या दाराचा रंग सुटतोय? तिथं कोणती लेकरं खेळतात?