कोड्याच्या खेळाची डागडुजी

लेका, ब्राउझरवरचा तुझा शब्दकोड्याचा खेळ लोक आवडीनं खेळतात, म्हणून नवं काय काय घालायचं याची यादी वाढत चाललीय. ती तीन रकान्यांत मांड : अन्याय, अडथळा, हौस. बरोबर उत्तर चूक ठरतं तो अन्याय. पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो तो अडथळा. नवे रंग, आवाज, पदकं ही हौस. काम याच क्रमानं कर.

१. अक्षरांची मोजणी तपासून घे. ‘अंबाजोगाई’ आपण पाच घरांत लिहितो : अं, बा, जो, गा, ई. युनिकोडच्या हिशेबात तीच नऊ चिन्हं होतात, कारण काना, मात्रा, अनुस्वार तिथं सुटे असतात. ‘आष्टी’ची घरं दोन, चिन्हं पाच. जावास्क्रिप्टचा सेगमेंटर अक्षरं जुळवून देतो, पण फायरफॉक्समध्ये तो २०२४ साली आला, आणि जुन्या ब्राउझरात ‘ष्टी’ दुभंगू शकते. आपल्या बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांची नावं चाचणीसाठी कायमची लावून ठेव आणि प्रत्येक बदलानंतर चालवून बघ.

२. शब्दांच्या याद्या दोन ठेव. उत्तरांची लहान, अंदाजाला चालणाऱ्या शब्दांची मोठी. जॉश वॉर्डलच्या वर्डल या शब्दखेळात पाच अक्षरी इंग्रजी शब्द बारा हजारांच्या घरात होते. त्यातून उत्तरांसाठी अडीच हजारांच्या आतच शब्द उरले, आणि ती चाळणी लावली त्याची जोडीदार पलक शाह हिनं. ‘कोरड्यास’ तुझ्या उत्तरांत नसेना का, पण परळीच्या एखाद्या आजीनं ते टाकलं तर ‘असा शब्द नाही’ म्हणू नकोस. नुसतं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर घराला वेगळा रंग दे, सरळ चूक ठरवू नकोस.

३. ऊसतोडीला गेलेला गडी डोळ्यांपुढं ठेव. दसरा झाला की आपल्याकडची बिऱ्हाडं कारखान्यांकडं निघतात. फडात रेंज येते-जाते, मोबाईल चार्ज करायचीही पंचाईत. सर्व्हिस वर्कर लावून आठवड्याची कोडी आधीच फोनमध्ये उतरवून ठेव. खेळाची नोंद फक्त ब्राउझरच्या भरवशावर नको : डेटा साफ केला की ती जाते, आणि सफारी तर तिच्या वापराच्या सात दिवसांत कुणी तुझ्या पानाकडं फिरकलं नाही तर ती नोंद आपणहून पुसते. नोंद परत आणता येईल असा छोटा संकेतांक दे. आणि खंड पडला म्हणून सलग दिवसांचा आकडा शून्यावर आणू नकोस.

४. खेळणाऱ्याशेजारी गप्प बस. एसटी स्टँडवर कुणाच्या हातात खेळ दे आणि बोट कुठं अडखळतं ते बघ. समजावून सांगायचा मोह आवर. जिथं तुला बोलावंसं वाटलं, तिथंच दुरुस्ती हवी.

५. एका वेळी एकच बदल कर. दोन केलेस तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळायचं नाही. वर्डलमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर न फोडता रंगीत चौकोन मित्रांना पाठवायची सोय आली. बदल एवढासाच, पण खेळ घरोघरी गेला तो त्यानंतर.

हौसेच्या रकान्याला हात घालशील तेव्हा आधी पान किती जड होतंय ते मोज. आणि यादीत नवी ओळ लिहिण्याआधी एखादी जुनी खोडता येते का, ते बघ.